शनिवारची साफसफाई

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

अंतराळवीर व्हायचं तर आत्तापासून काय शिकू, असं विचारलंस. गणित, पोहणं, रशियन भाषा हे सगळं इतर सांगतीलच. मी 31 वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली, त्यामुळे माझी नजर अंतराळ स्थानकाच्या खिडकीकडे न जाता त्याच्या पंपांकडे जाते. म्हणून माझं सांगणं एवढंच, की घरातला पंखा स्वतः पुस, नळाचा वायसर स्वतः बदल.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक 2 नोव्हेंबर 2000 पासून एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. सुमारे 400 किलोमीटर उंचीवर ते दीड तासात पृथ्वीची फेरी मारतं. दिवसाला 16 सूर्योदय होतात, म्हणून घड्याळ ग्रीनिचचं. सहाच्या सुमारास उठायचं, जमिनीवरच्या नियंत्रण कक्षांशी बोलायचं आणि कामाला लागायचं. वेळापत्रकाच्या पडद्यावर चालू वेळ दाखवणारी एक लाल रेघ सरकत असते, तिच्या मागे पडायचं नाही. रोज दोनेक तास व्यायाम.

हा व्यायाम कशासाठी ते नीट समजून घे. शरीरावर भार नसला की हाडं कॅल्शियम सोडू लागतात आणि ते लघवीतून बाहेर पडतं. तिथे लघवीचंही पाणी शुद्ध करून पुन्हा प्यायला घेतात. त्या यंत्रात कॅल्शियम सल्फेटचा साका धरला आणि ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे वाफ करून पाणी वेगळं काढण्याचा, भाग बंद पडला. माणसांच्या हाडांची झीज यंत्रात जाऊन बसली होती! त्यात सल्फेटची भर लघवीत मिसळायच्या आम्लातून पडत होती, म्हणून पुढे ते आम्लच बदललं, सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फरिक आलं. 2023 मध्ये 98 टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. तरी 2024 च्या जूनमध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विलमोर स्थानकाकडे निघाले तेव्हा याच यंत्रणेचा पंप तातडीने न्यायचा होता, म्हणून त्यांच्या कपड्यांच्या बॅगा पृथ्वीवरच ठेवल्या. कपड्यांवाचून चालेल, पंपावाचून नाही.

शनिवार साफसफाईचा. तिथे धूळ खाली बसत नाही, हवेबरोबर फिरत हवा ओढून घेणाऱ्या जाळ्यांवर जाऊन चिकटते. हरवलेला स्क्रूही बहुधा तिथेच सापडतो. त्या जाळ्या व्हॅक्यूमने साफ करायच्या, हाताचे दांडे आणि पृष्ठभाग जंतुनाशकाने पुसायचे. हवा खेळती राहिली नाही तर झोपलेल्या माणसाचा उच्छ्वास त्याच्याच चेहऱ्याभोवती साचतो. एक जाळी तुंबली तर कुठवर जातं, ते यावरून ओळख.

मला ते फार महाग शिकावं लागलं. ज्युनिअर असताना एकदा जनरेटर थंड ठेवणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, न उघडताच मी लॉगबुकात ‘साफ केला’ असं लिहिलं. दुसऱ्या रात्री तो तुंबला, जनरेटर तापून बंद पडला आणि भर पावसाळ्यात जहाज अंधारात डोलत राहिलं. कोणी दगावलं नाही, पण ती ओळ लिहिणारा हात माझा होता. तू न केलेलं काम कधी लिहू नकोस.

एक गोष्ट मला फार आवडते. 2020 मध्ये स्थानकातून हवा हळूहळू झिरपत होती. एकेक कप्पा बंद करून दाब मोजत शोध चालला, तो रशियन ‘झ्वेज्दा’ विभागापाशी आला. मग तिथल्या एका लहान कप्प्यात चहाची पत्ती सोडली, दार लावलं आणि कॅमेरे चालू ठेवले. तरंगत तरंगत पत्ती बारीकशा चिरेकडे गेली. मग त्या चिरेवर तात्पुरती चिकटपट्टी लावली. कुठलंही महागडं उपकरण नाही, नुसती हवा कुठे ओढली जाते ते पाहणारे धीराचे डोळे.

2025 मध्ये शुभांशू शुक्ला तिथे राहून आले. आपलं स्वतःचं स्थानक 2035 पर्यंत उभं करायचं ठरलं आहे. तेव्हा तू कामाच्या वयाची असशील.

दिवाळीत ये. माझ्याकडे एक जुना पंप आहे, तो तू जाड हातमोजे घालून खोलायचास. काढलेला बोल्ट टेबलावर ठेवायचा नाही, अंतराळात तो तरंगत जाईल. चिकटपट्टी उलटी पसरून एकेक बोल्ट ओळीने तिच्यावर लावायचा, मोजायचा आणि मग वहीत लिहायचं. वही मी आणून ठेवतो.

तुझा,
काका