नस दबली म्हणजे नेमकं काय दबलं?

प्रश्न असा आलाय: कमरेचा एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले नस दबलीय, तर आई घाबरली की आता पायाला रक्त कसं जाणार. शिवाय पुस्तकात चेतापेशी, पेपरात मज्जातंतू, हे सगळं एकच का?

आईंना आधी सांगा, पायाचं रक्त कुठे अडलेलं नाही. घोळ 'नस' या शब्दाचा आहे, बोलताना आपण दोन वेगळ्या गोष्टींना नसच म्हणतो. सलाईन लावायला सिस्टर हाताला रबर बांधून, टिचक्या मारून जी शोधते ती रक्ताची शीर. दबते ती नस पोकळ नसतेच, हजारो बारीक तंतूंची जुडी असते ती. पुढचं क्रियापद ऐकलं की बहुतेक वेळा कळतं कुठली ते: सापडत नाही, फुगली, की रक्ताची, दबली, की ही दुसरी. 'नस चढली' हा तिसराच प्रकार, तिथे पोटरीचा स्नायू आखडलेला असतो आणि नाव बिचाऱ्या नसेचं.

त्या जुडीतला एकेक तंतू म्हणजे एकेका चेतापेशीचा, म्हणजे न्यूरॉनचा, लांब फाटा, पुस्तकात त्याला अक्षतंतू म्हणतात. पेशी म्हटलं की एवढीशी वाटते ना, पण कमरेपासून तळव्यापर्यंत जाणारा असा एक फाटा मीटरभर भरतो! त्यातून करंट जातो म्हणतात तो भिंतीतल्या वायरिंगमधला नव्हे. पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असते, आवेग, म्हणजे नसेतून जाणारा निरोप, आला की त्या जागचे दरवाजे उघडतात, सोडियम आत घुसतं, घटकाभर, म्हंजे जेमतेम मिलिसेकंद, व्होल्टेज उलटं होतं आणि त्यामुळे शेजारचे दरवाजे उघडतात, असं करत करत पुढे. काही तंतूंवर मायलिन नावाच्या चरबीदार पदार्थाचं तुकड्या-तुकड्यांचं आवरण असतं, तिथे आवेग मधला भाग गाळून फक्त फटींवर थांबतो, आपली फास्ट लोकल दादर, कुर्ला, घाटकोपर करत जाते तसा, आणि सेकंदाला १०० मीटरच्या वरही जातो. आवरण नसलेले बारीक तंतू मात्र सेकंदाला मीटर-दोन मीटर. अंगठ्याला ठेच लागली की लागल्याचं लगेच कळतं आणि ठणका मागून येतो, तो याचमुळे.

आणि कमरेत दबलं तरी कळ पोटरीत का, तर मेंदूला तंतू मध्येच कुठे चिमटला ते कळत नाही, तंतू जिथला निरोप आणतो तिथेच दुखतंय असं मेंदू धरून चालतो.

आता मज्जातंतू. चुकीचा नाही, रुळलेला आहे, पण मज्जा म्हणजे हाडातला मगज, त्यामुळे वाचणारा भलतीकडे जातो. मी लिहिताना चेतातंतू लिहितो, त्यांची जुडी ती चेता, आणि बोलताना खुशाल नस.

गंमत पुढे आहे. न्यूरॉन हे नाव १८९१ साली वाल्डेयर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने रूढ केलं, ग्रीकमध्ये त्याचा मूळ अर्थ स्नायुबंध, दोर असा. आपला संस्कृत 'स्नायु' त्याचाच लांबचा भाऊबंद. मराठीत तो मांसपेशीकडे गेला, बंगालीत नर्व्हकडे, तेव्हा कोलकात्याचा कोणी स्नायूच्या डॉक्टरकडे चाललोय म्हणाला तर तो न्यूरोलॉजिस्टकडे चाललाय, मालिशवाल्याकडे नाही.