थंडीतली शेती: येळवशीच्या तोंडावर आलेले प्रश्न

मार्गशीर्ष सरत आला, अमावास्येची येळवशी (वेळ अमावास्या, घरादाराने शेतात जाऊन पूजा आणि जेवण करण्याचा सण) जवळ आली. लातूर-धाराशिवच्या औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यातून रोज प्रश्न येत आहेत आणि बहुतेकांचा शेवट एकच असतो: "साहेब, काय मारू?" हरभऱ्याची फुलं गळाली, काय मारू. म्हैस दुधाला कमी झाली, काय पाजू. कोंबड्या अंडी देईनात, पाण्यात काय टाकू. यातल्या निम्म्या प्रश्नांना दुकानात उत्तर नाही. दोन-चार एकरांच्या घरात या दिवसांत पैसा तसाही कमीच असतो. सोयाबीनचे आले ते रब्बीच्या खता-बियाण्यात गेले आणि तुरीचे अजून यायचे आहेत. म्हणून खर्च कुठे करायचा आणि कुठे नाही, ते सरळ लिहितो.

प्रश्न: दीड एकर हरभरा आहे, ऐन फुलोऱ्यात. दोन दिवस धुई (धुकं) पडली आणि फुलं गळाली. दुकानदार टॉनिक घ्या म्हणतो. तुषार संच आहे, पाणीही द्यायचं आहे.

दादा, टॉनिक राहू द्या. हरभऱ्याच्या प्रत्येक फुलाचा घाटा होत नाही, चांगल्या वर्षीही होत नाही. ढगाळ हवेत आणि धुईत गळ वाढते. आभाळ मोकळं झालं, ऊन लागलं की झाड पुन्हा फुलं धरतं. चार-पाच दिवस थांबून बघा.

पाण्याचं मात्र सांभाळा. ऐन फुलोऱ्यात तुषार चालवू नका. फुलं झडतात, पीक रात्रभर ओलं राहतं आणि रोगाला वाट मिळते. पाणी फुलोरा लागायच्या आधी द्यावं, नाहीतर थेट घाटे भरताना. आपल्या काळ्या भारी रानात तेही डोळे झाकून नको. वीतभर खालची माती काढून मुठीत दाबा. तिचा लाडू वळला तर पाण्याची गरज नाही. जास्त पाण्यावर हरभरा नुसता माजतो, घाटे कमी धरतो, शिवाय मर (झाड वाळून जाण्याचा रोग) वाढते.

तुम्ही अळीचं विचारलं नाही, पण आता डोळा तिथेच हवा. घाटेअळीची मादी कोवळ्या शेंड्यावर, कळीवर, फुलावर एकेक सुटं अंडं घालते. बारीक अळी पानाचा हिरवा भाग खरवडते, त्यामुळे पानावर पांढुरके ठिपके दिसतात. अळी मोठी झाली की घाट्याला गोल भोक पाडून डोकं आत घालते आणि धड बाहेर ठेवते. या अवस्थेत औषध नीट लागू होत नाही, तरी बहुतेक फवारण्या तेव्हाच होतात, कारण तेव्हा ती बांधावरून दिसते. तुम्ही रानात शिरून बघा. चार-पाच ठिकाणी एकेक मीटर ओळ धरा, खाली कापड टाका आणि झाडं हलक्या हाताने झटका. मीटरला एक-दोन अळ्या निघाल्या तर उपाय करायचा, नाहीतर नाही. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावले असतील आणि त्यात सलग तीन दिवस आठ-दहा पतंग सापडले, तर तोही इशारा समजा.

अळ्या बारीक असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी गाळायच्या आणि एकूण द्रावण १०० लिटर करायचं. उन्हाळ्यात लिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा केल्या असतील तर खर्च काहीच नाही. विषाणूचं औषध, म्हणजे एचएएनपीव्ही, वापरणार असाल तर ऊन उतरल्यावर फवारा, उन्हात ते निकामी होतं. अळ्या मोठ्या आणि संख्याही जास्त असेल तेव्हाच इमामेक्टीन बेंझोएट ५ टक्के, १० लिटर पाण्यात ४.४ ग्रॅम. त्यात दुसरं औषध, टॉनिक, चिकटद्रव असं सगळं एकत्र कालवू नका. रानात एकरी वीसेक पक्षीथांबे रोवा; तुराटीला आडवी काडी बांधली तरी भागतं. कोतवाल आणि साळुंक्या अळ्या टिपतात आणि मजुरी मागत नाहीत.

आणखी एक. सकाळी दव असताना बायका खुरपायला रानात उतरवू नका. ओल्या पिकातून फिरलं की रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, आणि हरभऱ्याची आंब (पानांवरचा आंबट ओलावा) भेगाळलेल्या हातापायांना किती झोंबते ते त्यांनाच विचारा. दहाला सुरू करा आणि संध्याकाळी अर्धा तास जास्त धरा.

प्रश्न: म्हैस व्यायला चार महिने झाले. थंडी पडल्यापासून सकाळचं दूध लिटरभर कमी झालं. पेंड वाढवू का? गाईचं पंधरा दिवसांचं वासरू पहाटे थरथरतं आणि त्याला हगवणही लागली आहे.

मावशी, पेंडीच्या आधी पाणी बघा. रात्रभर उघड्या हौदात राहिलेलं पाणी जनावर तोंड लावून सोडून देतं. दुधाच्या म्हशीला दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी लागतं. ते पोटात गेलं नाही तर वर कितीही पेंड चारली तरी दूध भरत नाही. पहाटे विहिरीचं किंवा बोअरचं नुकतं काढलेलं पाणी कोमट असतं, ते पाजा. हौदातलं पाणी उन्हं चढल्यावर, अकराच्या पुढे. एवढं आठवडाभर करा आणि दूध मोजा. पेंडीचा विचार त्यानंतर.

रात्रीची वैरण कमी करू नका, उलट कडब्याची एखादी पेंढी वाढवा. वैरण पचताना पोटात ऊब तयार होते आणि जनावराला पहाटेपर्यंत तीच पुरते. कडबा कुट्टी करून घाला, म्हणजे वाया जाणार नाही. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम पेंडीतून द्या. म्हैस धुवायची तर दुपारी, तेही रोज नको. सडांना भेगा पडल्या असतील तर धार काढून झाल्यावर थोडं तूप किंवा खोबरेल लावा. भेगा दुखतात म्हणून म्हैस पान्हा चोरते आणि आपण दोष चाऱ्याला देतो.

गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने गोणपाटाचे पडदे लावा, पण आढ्याजवळ हातभर जागा मोकळी ठेवा. सगळं गच्च बंद केलं की मुताचा वास कोंडतो, जनावरं खोकायला लागतात. जमीन कोरडी असणं पडद्याहून महत्त्वाचं आहे. वासराखाली सोयाबीनच्या गुळीचा (भुसाचा) जाड थर टाका, रोज ओली काढून कोरडी घाला आणि रात्री पाठीवर गोणपाट बांधा. गोठ्यात शेकोटी पेटवू नका. दरवर्षी कुठे ना कुठे कडब्याची गंज आणि दावणीची जनावरं एकाच ठिणगीत जातात. गंजही गोठ्याला लागून रचू नका.

हगवण लागली म्हणून वासराचं दूध तोडू नका. दूध सुरू ठेवा आणि मधल्या वेळात मीठ-साखरेचं कोमट पाणी थोडं थोडं पाजा. अंग गार लागत असेल, डोळे खोल गेले असतील, ते उठत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जंताचं औषध अजून पाजलं नसेल तर तेही तिथेच विचारून घ्या. इतक्या लहान वासराला अंदाजाने मात्रा देणं धोक्याचं.

प्रश्न: आमच्याकडे निम्मा आठवडा रात्रीची लाईट असते. घरधनी एकटेच दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) जातात. काही उपाय आहे का?

ताई, आधी हे बघा की कोणत्या पिकाला रात्री उठायची खरंच गरज आहे. ज्वारीला, करडईला, हरभऱ्याला पाणी चार दिवस पुढे गेलं तर काही बिघडत नाही; दिवसाच्या पाळीची वाट बघा. गव्हाचं मात्र पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांचं पाणी चुकवू नका. तेव्हा मुकुटमुळं फुटत असतात आणि फुटव्यांची संख्या त्यावर ठरते. बाकी पाळ्याही शक्यतो सांभाळा: कांडी धरताना ४०–४५ दिवसांनी, फुलोऱ्यात ६०–६५ दिवसांनी आणि दाणे भरताना ८०–८५ दिवसांनी.

जावंच लागलं तर दोघांनी जावं. पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातात बॅटरी आणि काठी. थंडीत साप बाहेर पडत नाहीत ही समजूत चुकीची आहे; घोणसाचा जुळण्याचा काळच हिवाळ्यात असतो. चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक यात वेळ घालवू नका. पाय हलू न देता थेट सरकारी दवाखान्यात न्या. ओल्या हाताने स्टार्टरला हात नको. ऑटोस्टार्टर लावून घरी झोपणारे पुष्कळ आहेत, पण पाइप जोडायला कोणी मोटारीपाशी असताना अचानक लाईट आली की जिवाशी खेळ होतो.

रानातून गारठून आल्यावर कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपू नका. त्यातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. शेकायचं ते अंगणात.

कायमचा मार्ग म्हणजे सौर पंप. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप मिळतो. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. रब्बीच्या चार पाण्यांसाठी कुणाची झोप आणि जीव टांगणीला लावण्यापेक्षा हा अर्ज भरलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: पाहुणे हुरड्याला येतात. कणसं खुडलेली ज्वारीची हिरवी ताटं (धाटं) जनावरांना घातली तर चालतील का?

हुरड्यात आलेलं ताट चालतं. धोका कोवळ्या ज्वारीत असतो: दीड महिन्याच्या आतली, पाण्याच्या ताणाने सुकलेली, किंवा कापणीनंतर बुडख्यातून फुटलेली. तिच्यात विष तयार होतं आणि जनावराला किराळ (विषबाधा) लागते. धाप लागते, अंग थरथरतं, तोंडाला फेस येतो आणि तासाभरात जनावर आडवं होतं. यावर उतारा आहे, पण तो डॉक्टरांनीच द्यायचा आणि वेळेत. म्हणून ज्वारी काढल्यावर त्या रानात फुटवे आले असतील तर गुरं मोकळी सोडू नका.

प्रश्न: पंधरा गावरान कोंबड्यांपैकी दोन-तीनच अंडी देतात. कोणती पावडर द्यावी?

कोणतीच नाही. दिवस लहान झाला की कोंबडी अंडी कमी करते. चांगल्या अंड्यांसाठी तिला चौदा तास तरी उजेड लागतो आणि सध्या आपल्याकडे दिवस अकरा तासांचा आहे. खुराड्यात पहाटे चारपासून उजाडेपर्यंत एक साधा बल्ब लावा आणि संध्याकाळी अंधारल्यावर तासभर. रोजची वेळ तीच ठेवा. पंधरा कोंबड्यांसाठी तेवढंही नको वाटलं तर २२ डिसेंबरनंतर दिवस हळूहळू वाढू लागतो, थांबा.

प्रश्न: तूर काढून रान डिसेंबरअखेरीस मोकळं होईल. गहू पेरावा का?

नको. उशिरा गव्हाची मुदतही १५ डिसेंबरपर्यंत असते. त्यानंतर पेरलेल्या गव्हाचे दाणे भरण्याच्या वेळी ऊन तापतं आणि हाती चिमट दाणे येतात. विहिरीला एप्रिलअखेरपर्यंत पाणी असेल तर जानेवारीच्या मध्यावर उन्हाळी भुईमूग घ्या. पाणी कमी असेल तर पाव एकर चाऱ्याचा मका करा आणि बाकी रान नांगरून तापू द्या.

प्रश्न: येळवशीला सगळं घरदार शेतात असतं. त्याआधी हरभऱ्यावर आणि वालावर फवारणी उरकून घेऊ का?

अगदी उलट करा. भज्जीला (येळवशीच्या मिसळ भाजीला) लागणारा हरभऱ्याचा पाला, वालाच्या आणि तुरीच्या शेंगा आपण त्याच रानातून तोडणार आणि लेकरं दिवसभर ओले घाटे खात फिरणार. आधी फवारलं तर ते सगळं ताटात येईल. फार तर निंबोळी अर्क घ्या. रासायनिक फवारणी खरंच गरजेची वाटली तर अमावास्या उलटल्यावर करा, आणि पुढे पाला किंवा घाटे खुडायचे असतील तर डब्यावर लिहिलेले दिवस पाळा. औषधाचे डबे कोपीपासून (पूजेच्या कडब्याच्या खोपीपासून) लांब, लेकरांचा हात पोचणार नाही असे ठेवा. रिकाम्या कॅनमध्ये कितीही धुतलं तरी पिण्याचं पाणी किंवा आंबील भरू नका. त्याला भोक पाडून ठेवा, म्हणजे मोहच होणार नाही. त्या दिवशी पूजा आटोपली की सगळ्यांनी मिळून हरभऱ्याच्या चार ओळी झटकून अळ्या मोजा. एवढी माणसं रानात एरवी कधी असतात? करडई असेल तर कडेच्या ओळींचे शेंडेही बघून घ्या, मावा तिथून आत शिरतो.

रब्बीची ई-पीक पाहणी (पिकाची सरकारी ऑनलाइन नोंद) अजून केली नसेल तर शेतात जाल तेव्हाच मोबाइलवर करून टाका, फोटो गटातूनच काढावा लागतो. आणि रोगट झाड दाखवायला आणणार असाल तर नुसतं पान आणू नका. मुळासकट अख्खं झाड उपटा, शेजारचं एक चांगलंही घ्या, आणि प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. पिशवीत ते घामेजतं, काळं पडतं आणि मग मूळ रोग कोणता ते आम्हालाही ओळखता येत नाही. सोबत शेवटच्या फवारणीचं बिल असू द्या.