आधी महिने मोजा, मग पैसे

नाशिकरोडच्या एका काकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "प्रेसमधून निवृत्त झालो. मुलगा 2022 चा मेकॅनिकलचा बी.ई. अंबडला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तीन वर्षं चार महिने झाले. पहिले चौदा महिने ट्रेनी म्हणून प्रॉडक्शनला होता, आता डेव्हलपमेंटला आहे. चाकणच्या एका मुलाखतीत 'पीएमपी केलंय का' असं विचारलं, तेव्हापासून त्याने ते डोक्यात घेतलंय. कॉलेज रोडच्या एका क्लासने 48,000 रुपये अधिक जीएसटी सांगितलेत, बारा हप्ते. पास होण्याची गॅरंटी देतात. अनुभव थोडा कमी असला तरी अर्ज बसवून देतो म्हणाले. 2,000 रुपये टोकन भरलंय, मंगळवारी हप्त्यांच्या फॉर्मवर सही करायची आहे. एफडी मोडून एकरकमी भरू का? की याहून स्वस्त काही आहे?"

काका, नमस्कार.

तुम्ही विचारलंय पैशांचं, पण मी अडकले ते 'अर्ज बसवून देतो' या शब्दांवर. पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, ही काही क्लासची परीक्षा नाही. ती अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, घेते. इंजिनिअरिंगची चार वर्षांची पदवी असेल तर किमान 36 महिने प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव लागतो. नुसता डिप्लोमा असता तर याहून जास्त महिने लागले असते. आता तुमच्याच आकड्यांवरून हिशेब करू. एकूण नोकरी 40 महिन्यांची. त्यातले ट्रेनीचे 14 वजा केले की उरतात 26. म्हणजे दहा महिने कमी. क्लासवाले हे दहा महिने कुठून आणणार? ट्रेनीचे महिने प्रोजेक्टचे म्हणून दाखवणार, दुसरं काय! पीएमआय काही अर्ज तपासणीसाठी काढते. ज्याचा निघेल त्याला प्रत्येक प्रोजेक्टवर वरिष्ठांची सही आणावी लागते, पदवीची आणि प्रशिक्षणाची कागदपत्रं द्यावी लागतात. त्या वेळी मॅनेजरसमोर तो कागद घेऊन तुमचा मुलगा उभा राहील, क्लासवाले नाही.

ही वाईट बातमी मानू नका. दहा महिने मिळाले म्हणजे घाईही गेली आणि हप्तेही गेले.

या दहा महिन्यांत पहिलं काम फुकटचं आहे. एक दोनशे पानी वही घ्यायला सांगा आणि डेव्हलपमेंटला गेल्यापासूनचा एकेक पार्ट लिहून काढायला लावा. समजा एक ब्रॅकेट आहे. कस्टमरकडून ड्रॉइंग कधी आलं, डाय कुठे टाकली, पहिल्या ट्रायलला होल पोझिशन बाहेर गेली तेव्हा टूलरूमच्या मागे कोण लागलं, दुसरी ट्रायल कधी झाली, पीपॅप, म्हणजे पार्ट चालू करायला कस्टमरची मंजुरी, कधी मिळालं. सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, ठरलेला खर्च, झालेला खर्च, आणि यात 'मी काय ठरवलं' याची दोन वाक्यं. हाच त्याचा प्रोजेक्ट. त्याच ब्रॅकेटचे पुढे रोज दोन हजार नग काढायचे हे प्रॉडक्शन, ते यात धरत नाहीत. व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर' असायची गरज नाही, काम पुढे रेटलेलं असलं पाहिजे. आणि एक बारीक गोष्ट, जी बहुतेक मुलं चुकतात: दोन पार्ट एकाच वेळी चालू असतील तर ते महिने एकदाच मोजायचे. जून ते ऑगस्ट दोन पार्ट केले म्हणजे तीनच महिने, सहा नाहीत. त्यामुळे 26 सुद्धा वहीत उतरवल्यावर 23 निघू शकतात. तसं झालं तर तेवढं आणखी थांबायचं.

आता क्लासकडे येऊ. पीएमआयला प्रशिक्षणाचे 35 तास हवे असतात. नुसतं पुस्तक वाचून ते भरत नाहीत, पण कॉलेज रोडलाच बसून भरले पाहिजेत असंही नाही. शेवटी चाचणी असलेला ऑनलाइन कोर्स चालतो. युडेमी या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवर 35 तासांचं प्रमाणपत्र देणारे कोर्स आहेत आणि सेल लागला की ते काही शे रुपयांत मिळतात. पीएमआयच्या पुण्या-मुंबईच्या चॅप्टरना, म्हणजे शाखांना, फोन करून त्यांचे वर्ग कधी आहेत, किती फी आहे तेही विचारा. कंपनीने भरवलेलं प्रशिक्षणही धरतात, म्हणून मुलाला एचआरकडे एकदा सहज चौकशी करू दे. बऱ्याच कंपन्यांत ट्रेनिंगचं बजेट पडून असतं आणि मागणारा कुणी नसतो. नुसती गोडी लागते का ते बघायचं असेल तर एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची प्रोजेक्ट मॅनेजमेंटची व्याख्यानं मोफत आहेत, पैसे पडतात ते परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचं असेल तरच. चार रविवार ती बघून कंटाळा आला, तर बाकीचा सगळा खर्च वाचला म्हणायचा.

48,000 वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 56,640 रुपये. त्यात परीक्षेची फी आहे का, हे तुमच्या पत्रात नाही. बहुधा नसेल. ही फी वेगळी असते, ती थेट पीएमआयला भरायची, आणि ती एकटीच काही हजारांत जाते. सभासदाला ती कमी पडते, पण सभासदत्वाची वर्गणी वेगळी; दोन्हींची बेरीज करून मगच ठरवा. सभासदाला पीएमबॉक गाइड या पीएमआयच्या मुख्य पुस्तकाची पीडीएफ मोफत मिळते, तेही हिशेबात धरा. खर्च करायचाच तर परीक्षेवर आणि सरावावर करा. पीएमआयचाच स्टडी हॉल नावाचा सरावसंच आहे, त्यातले प्रश्न खऱ्या परीक्षेच्या वळणाचे असतात. परीक्षेत 180 प्रश्न, वेळ चार तासांच्या आसपास, आणि प्रश्न बहुतेक असे: अमुक प्रसंग उद्भवला, टीममधले दोघं भांडतायत, कस्टमरने मध्येच मागणी बदलली, तर तुम्ही आधी काय कराल? चारही उत्तरं बरोबर वाटतात. यासाठी भरपूर प्रश्न सोडवून, चुकलेले परत वाचून हात बसवावा लागतो. मी स्वतः एकदा एका महागड्या कोर्सला जाऊन जाडजूड फाइल घेऊन आले होते. ती अजून माळ्यावर आहे.

कोर्स आजच घेऊन ठेवायचीही गरज नाही. 2026 च्या जुलैपासून परीक्षेची नवी रूपरेषा लागू होते आहे आणि मुलाचे 36 महिने त्यानंतर भरतात. आज घेतलेला क्लास जुन्या रूपरेषेचा निघायचा. 35 तास परीक्षेच्या तीन-चार महिने आधी करू दे, आणि घेण्यापूर्वी 'हा नव्या परीक्षेप्रमाणे आहे ना' एवढं लेखी विचारू दे.

गॅरंटीचं म्हणाल तर पास व्हायला किती गुण लागतात, किती टक्के मुलं पास होतात, हे पीएमआय स्वतःच जाहीर करत नाही. तरी क्लासच्या बोर्डावर '98 टक्के' लिहिलेलं असतंच. गॅरंटीच्या अटी वाचल्या की बहुतेकदा कळतं, नापास झालात तर पुन्हा क्लासला फुकट बसा. परीक्षेची दुसरी फी आपलीच.

सीएपीएम नावाची धाकटी परीक्षा आहे, तिला अनुभव लागत नाही, 23 तासांचं प्रशिक्षण पुरतं. कुणीतरी ती सुचवेलच. कॉलेजातल्या मुलाला मी ती सांगते, तुमच्या मुलाला नाही. दोनदा फी कशाला?

आणि खरं सांगायचं तर अंबड-सातपूरला अजून पीएमपीवाचून कुणाचं अडत नाही. इथे एपीक्यूपी, म्हणजे नव्या पार्टच्या दर्जाचं आधीपासूनचं नियोजन, नीट येतं का, एमएस प्रोजेक्टवर वेळापत्रक लावता येतं का, हे आधी बघतात. सिंहस्थाच्या कामांसाठी प्रोजेक्ट मॅनेजर हवेत अशी जाहिरात दाखवून क्लासवाले भुलवतात, पण ती कामं मुख्यतः सिव्हिलची, आपला मुलगा मेकॅनिकलचा. चाकण, पुण्यातल्या मोठ्या कंपन्या, आखातातले प्रकल्प, आयटी, इकडे जायचं असेल तर पीएमपीचं वजन पडतं. त्याला नाशिक सोडायचंय का, हे त्याने तुम्हाला सांगितलंय का? पत्रात तसं दिसलं नाही.

परीक्षा घरूनही देता येते, पण खोलीत दुसरं कुणी आलेलं चालत नाही, कॅमेरा चालूच असतो. तुम्ही मायेने चहा घेऊन आत गेलात तर पेपर तिथेच थांबवतील. शिवाय वीज गेली तर पंचाईत. मी तरी सेंटरवर जाऊनच दे म्हणेन.

एफडी मोडू नका. मंगळवारी सही करायला जाऊ नका, फक्त फोन करा आणि टोकनचे 2,000 परत मिळतील का विचारा. नाही म्हणाले तर सोडून द्या, आणि बाहेर पडाल तेव्हा वही तेवढी घेऊन या.