दर दीड महिन्याला शेंडे कापायलाच हवेत का?

प्रिय मावशी,
मी २२ वर्षांची. घर साताऱ्याजवळच्या गावात, शिकायला पुण्यात हॉस्टेलवर असते. बारावीत माझा शेपटा कमरेपर्यंत यायचा. इथल्या पार्लरमधल्या ताई म्हणाल्या, दर दीड महिन्याला ट्रिम केलं नाही तर केस वाढतच नाहीत. गेलं दीड वर्ष मी न चुकता जाते, दर वेळी एक इंच कापते. पण केस वाढायचे सोडून कमीच झालेत. न्हाताना गळतातही खूप. सुट्टीत घरी गेले की आजी वेणी घालते आणि घालता घालता गप्प होते. 'बाईमाणसाच्या केसाला कात्री लावू नये' एवढंच म्हणते. मी कुणाचं ऐकू?

पोरी,

तुझं पत्र वाचलं आणि आधी हिशोबच मांडला. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. कुणाचा थोडा जास्त, कुणाचा थोडा कमी. म्हणजे दीड महिन्यात पाऊण इंच. तू तेवढ्या दिवसांत एक इंच कापतेस. दीड वर्षात १२ खेपा झाल्या. वाढले ९ इंच, कापले १२. आजीच्या हाताला जे ३ इंच कमी लागतात ते हेच. तुझे केस वाढत नव्हते असं नाही गं, ते अगदी नीट वाढत होते. वाढ कात्रीखाली जात होती, एवढंच.

केस वाढतो तो मुळाशी, कातडीच्या आत. बाहेर दिसतो तो भाग निर्जीव असतो, म्हणून तर कापताना दुखत नाही. शेंडा कापला हे मुळाला कळायची काही सोयच नाही. मग एवढ्या जणी ट्रिमनं केस वाढतात असं का म्हणतात? कारण त्यात अर्धं खरं आहे. टोकाला फाटा फुटला की तो केस वरवर चिरत जातो आणि मध्येच तुटतो. मुळाशी वाढ होत असते, खाली तूट होत असते, आणि लांबी आहे तिथेच राहते. असे फाटे वेळेवर काढले तर लांबी टिकते. शिवाय कापल्यावर सगळी टोकं एका रेषेत येतात, वेणीचा शेवट भरदार दिसतो. त्या ताईंनी तुला फसवलं असं मी म्हणणार नाही. पण दीड महिन्याचा नियम तुझ्यासारख्या लांब, रंग न लावलेल्या केसांचा नाही. तो बॉबकट, बॉयकट किंवा कपाळावर बटा ठेवणाऱ्यांचा. त्यांना आकार सांभाळायचा असतो, चार-सहा आठवड्यांत तो बिघडतो.

कमरेपर्यंतच्या केसाचं टोक पाचएक वर्षांचं असतं, हे लक्षात ठेव. इतकी वर्षं ते ऊन, साबण, फणी, रबरबँड, टॉवेल सोसत आलेलं असतं. ते किती झिजलंय ते बघ आणि मग ठरव. बघायचं कसं ते सांगते. केस पूर्ण वाळलेले असताना खिडकीपाशी बस, मांडीवर पांढरी ओढणी पसर. करंगळीएवढी बट घे, तिला हलका पीळ दे आणि ओढणीवर धर. पिळातून बाहेर आलेली टोकं नीट बघ. टोक एकसंध असेल तर चांगलं. वाय आकाराची दोन तोंडं दिसली, टोकाला पांढरा ठिपका दिसला किंवा बोटाला ते केरसुणीसारखं खरखरीत लागलं, तर फाटे आहेत. डोक्याच्या चार बाजूंच्या चार बटा बघ. एखाददुसरा फाटा सगळ्यांनाच असतो, त्यासाठी कात्री नको. पण प्रत्येक बटेत फाटे दिसत असतील, फणी शेवटच्या दोन बोटांत अडकत असेल, तर कापायची वेळ झाली.

तुझ्यासारख्या केसांना एरवी सहा महिन्यांतून एकदा अर्धा इंच पुरे. टोकं चांगली असतील तर वर्षाने कापलेस तरी चालेल. उद्या स्ट्रेटनिंग केलंस, रंग लावलास, रोज गरम मशीन फिरवायला लागलीस, तर मात्र दोन-तीन महिन्यांनी बघावं लागेल. उष्णतेनं आणि रसायनांनी केसावरचं कवच झिजतं आणि ते पुन्हा भरून येत नाही. खोबरेल सोडू नकोस, आणि न्हायच्या आधी लाव. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या तेलानं किंवा मिनरल ऑइलनं ते साधत नाही.

पार्लरमध्ये 'थोडेसे' हा शब्द वापरू नकोस. अंगठा आणि तर्जनी यांत अर्धा इंच धरून दाखव आणि कापायच्या आधी कंगवा कुठे थांबतोय ते आरशात बघ. ओला केस ताणला जातो, वाळला की वर जातो, म्हणून ओल्यावर कापत असतील तर आणखी कमीच सांग. आणि हॉस्टेलवर कागद कापायच्या कात्रीनं फाटे काढत बसू नकोस. बोथट पात्यानं टोक चेंगरतं आणि तिथेच नवा फाटा फुटतो.

गळण्याचं प्रकरण वेगळं आहे. ट्रिमनं ते थांबत नाही. मोरीच्या जाळीतले केस एकदा हातात घेऊन बघ. लांब केस असेल आणि एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल, तर तो मुळापासून सुटलाय. असे रोज ५० ते १०० केस सगळ्यांचेच जातात. गाठ नसलेले तोकडे तुकडे असतील तर ते तुटलेले आहेत, तिथे फणी आणि घट्ट रबरबँड तपास. पण मुळासकट पुंजकेच येत असतील, तर दोन-तीन महिन्यांमागे मोठा ताप येऊन गेला होता का, मेसचं जेवण नको म्हणून उपाशी राहतेस का, पाळीत रक्तस्राव फार होतो का, ते आठव. डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा आणि थायरॉइड तपासून घे. हे पुढे ढकलू नकोस.

आता आजी. तिच्या 'कात्री लावू नये'ला नुसतं जुनं खूळ समजू नकोस. आपल्याकडे बाईच्या डोक्याला वस्तरा लागायचा तो नवरा गेल्यावर. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, तरी ती रीत त्यानंतरही कित्येक घरांत चालूच राहिली. माझ्या आईची आत्या मी पाहिली आहे. विधवा नेसायच्या ते लाल लुगडं, म्हणजे आलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला. दुपारी ती आम्हा मुलींच्या वेण्या घालायची, आणि वेणी झाली तरी तिचा हात शेपटावरून खालपर्यंत फिरत राहायचा. तुझ्या आजीनं असं कुणाला पाहिलं असेल का, ते तिलाच विचार. वेणी घालून घेतानाच विचार, तेव्हा माणूस बोलतं.

दिवाळीपर्यंत कात्री नको. आज शिवणकामाची टेप घेऊन मानेपासून टोकापर्यंत माप घे आणि तारखेसकट वहीत लिहून ठेव. घरी गेलीस की ओढणी पसरून आजीलाच टोकं बघायला सांग. फाटे निघाले, तर किती कापायचं ते तिच्या बोटांनी ठरू दे.

तुझी मावशी