कोरड्या संरक्षित जंगलातल्या मुंग्यांच्या जाती कशा मोजायच्या?

आधी वनखात्याची लेखी परवानगी काढा. मग 200 मीटरच्या रेषेवर दर 10 मीटरला एक, असे 20 प्लॅस्टिकचे ग्लास जमिनीत पुरा. काठ मातीशी समतल हवा. जरा वर राहिला की मुंगी वळसा घालून निघून जाते. ताज्या उकरलेल्या मातीकडे त्या नेहमीपेक्षा जास्त येतात, म्हणून आठवडाभर ग्लास झाकून ठेवा. नंतर साबणाचा थेंब टाकलेलं पाणी भरून 48 तास उघडे ठेवा आणि नमुने 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये काढा.

डोकी मोजू नका! वारुळाशेजारचा एकच ग्लास सगळं गणित बिघडवतो. जात किती ग्लासांत सापडली, ते मोजा. झाडावरच्या मुंग्यांसाठी फांद्या पांढऱ्या कापडावर झटका. ग्लासात त्या क्वचितच पडतात.