आयएसएल (इंडियन सुपर लीग, देशातली अव्वल फुटबॉल स्पर्धा) २०२५ मध्ये नेमकी कशामुळे अडली? सोलापूरच्या शाळेतल्या मुलांच्या फुटबॉलला त्याचा फटका बसतो का?

स्पर्धा अडली ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी रिलायन्स गटाची कंपनी यांच्यातला करार वेळेत पुढे न गेल्यामुळे. शालेय फुटबॉलला थेट फटका नाही. २०१० चा हा १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. कंपनी महासंघाला वर्षाला सुमारे ५० कोटी द्यायची. पण महासंघाच्या घटनेचं (म्हणजे नियमावलीचं) प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडून होतं, आणि निकालाआधी नवा करार करू नका असं न्यायालयाने बजावलं होतं. जुलैत कंपनीने हंगाम थांबवला, ऑगस्टमध्ये काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच रोखले. सप्टेंबरमध्ये घटना मंजूर झाली, नंतर लीग चालवण्यासाठी निविदा निघाली, तर एकही बोली आली नाही.

मुळात महासंघाच्या निवडणुका वेळेवर झाल्या असत्या तर ही वेळ आलीच नसती. प्रफुल्ल पटेल यांची मुदत २०२० मध्येच संपली होती, तरी ते २०२२ पर्यंत अध्यक्ष राहिले. मग न्यायालयाने प्रशासक नेमले आणि जागतिक फुटबॉल संघटना फिफाने ऑगस्ट २०२२ मध्ये भारताला अकरा दिवस निलंबित केलं. चूक पदाधिकाऱ्यांची, भोगलं खेळाडूंनी. याचा मला खरंच राग येतो.

हे सगळं बातम्या आणि न्यायालयाच्या आदेशांवरून सांगतोय. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय घेतं, त्यामुळे मुलाचा सराव बंद करू नका. मात्र तो पुढे क्लबच्या अकादमीत जाणार असेल, तर प्रवेशाआधी तिचा युवा संघ सध्या सामने खेळतोय का, हे विचारून घ्याच.