ऊस तोडणारा माणूस शेतमजूर की कारखान्याचा कामगार?

ऊसतोड कामगार कायद्याने शेतमजूर ठरतो की साखर कारखान्याचा कामगार, आणि गाव सोडून आलेला म्हणून त्याला कोणते संरक्षण मिळते, असे आपण विचारले आहे. तो कारखान्याचाच कामगार आहे असे माझे ठाम मत आहे, आणि याच मुद्द्यावर एका कारखान्याच्या शेतकी खात्यात स्लिपबॉय (तोडीची स्लिप म्हणजे चिठ्ठी देणारा) असलेल्या माझ्या आतेभावाशी माझा कित्येक वर्षे वाद चालू आहे.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातले. 2008-09 च्या हंगामात आईवडील सांगली जिल्ह्यात तोडीला गेले होते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना वडील पडले आणि त्यांचे मांडीचे हाड मोडले. शेतकी अधिकारी म्हणाले, माणसे मुकादमाची, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराची आहेत. मुकादम म्हणाला, मी फक्त कारखान्याची उचल (हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम) वाटतो. ज्याचा फड (उसाचे शेत) होता तो शेतकरी म्हणाला की टोळी मी बोलावलेली नाही, माझ्या बिलातून तोडणी-वाहतुकीचा खर्च मात्र कापला जातो. आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दवाखान्याचा खर्च शेवटी उचलीत चढला आणि तो फेडण्यासाठी पुढच्या हंगामात आई मामाबरोबर कोयत्यावर, म्हणजे तोडणीच्या जोडीत गेली.

आतेभावाचा आधार 1948 च्या किमान वेतन कायद्याची अनुसूची हा होता; तो कायदा 2025 मध्ये रद्द झाला. पिकाची कापणी आणि माल वाहतुकीसाठी तयार करून देणे हेसुद्धा त्या अनुसूचीत शेतीकामात मोडत असे, हे मलाही मान्य आहे. परंतु ती व्याख्या वेतनाचा दर ठरवण्यासाठी होती; मालक कोण, हे ती सांगत नव्हती. कोणता फड कधी तोडायचा हे कारखान्याची स्लिप ठरवते, तोडणीचा दर साखर संघ (कारखान्यांची संघटना) आणि कामगार संघटना यांच्या करारात ठरतो आणि उचलीचा पैसा कारखान्याकडून येतो. तेव्हा ऊस शेतात उभा आहे एवढ्यावरून मालक बदलत नाही. हरिनगर केन फार्मच्या खटल्यात 1963 साली सर्वोच्च न्यायालयाने साखर उद्योगाशी जोडलेल्या शेतावरील कामाला ‘उद्योग’ मानले होते.

स्थलांतरितांसाठीचा 1979 चा कायदा आमच्या कामाचा नव्हता, कारण तो आंतरराज्य स्थलांतरापुरता होता. धारूरहून बेळगावला गेलेल्याला विस्थापन भत्ता आणि प्रवासभत्ता, सांगलीला गेलेल्याला काही नाही. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही स्थलांतरिताच्या व्याख्येत दुसऱ्या राज्याची अट कायम आहे.

राहिला 1970 चा कंत्राटी कामगार कायदा. तो तेव्हा वीस माणसांपासून लागू होत असे (पुढे महाराष्ट्रात ही संख्या पन्नास झाली आणि 2025 मध्ये तो कायदाही रद्द झाला). आमच्या टोळीत दहा कोयते होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, म्हणून प्रत्यक्षात वीस माणसे. पण मुकादमाच्या वहीत दहाच नावे होती आणि ती सगळी पुरुषांची. माझ्या आईने पहाटे चारपासून मोळ्या बांधल्या, तरी हिशेबात ती नव्हतीच. आतेभावाला मी हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘कोयता एकच धरतात, पद्धतच आहे.’

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आता आहे आणि त्यासाठी कारखान्यांकडून प्रतिटन दहा रुपये घेण्याचे ठरले. पण ते कामगार विभागाकडे नसून सामाजिक न्याय विभागाकडे आहे, ही गोष्ट मला खटकते.

मी वकील नाही, हे आधीच सांगायला हवे होते. हरिनगरच्या खटल्यातील शेत कंपनीच्या व्यवस्थेखालचे होते, आपल्याकडे ते शेतकऱ्याचे असते. त्यामुळे त्या निकालावर सगळी भिस्त ठेवू नका. आपल्या ओळखीचे कोणी यंदा तोडीला निघाले असेल, तर उचलीच्या कागदावर बायकोचे नाव वेगळे लिहून घ्यायला सांगा आणि प्रत्येक स्लिपचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा. स्लिपबॉय फोटो काढू देत नसेल, तर तो माझ्या आतेभावाच्याच पंथातला आहे असे समजा.